बॅटरी मेली आहे की नुसती उतरली आहे?

डिचोलीच्या एका तरुण गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांची ३५० सीसीची मोटारसायकल आहे, फ्युएल इंजेक्शनची, किक नसलेली. घेऊन तीन वर्षं दोन महिने झाले. कामाला ते बसने पणजीला जातात, त्यामुळे गाडी शनिवार-रविवारीच बाहेर निघते. मागाहून बसवलेला चोरी-अलार्म आहे आणि हँडलवर मोबाईलचा चार्जर. जुलै लागल्यापासून शनिवारी सकाळी सेल्फ दाबला की नुसतं टक्-टक्-टक् वाजतं. शेजाऱ्याला बोलावून धक्का मारला की इंजिन लागतं आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. जवळच्या गॅरेजात मीटर न लावताच सांगितलं गेलं, "तीन वर्षं झाली ना? बॅटरी गेली. नवीन टाका." बॅटरी मुळात किती वर्षं टिकायला हवी आणि ही खरंच बदलायची का, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी फोंड्यात सव्वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि बॅटरीचं काम करतो. आधी सरळ उत्तर देतो. आपल्या गोव्यात बरी सांभाळलेली दुचाकीची बॅटरी साधारण तीन ते चार वर्षं जाते. पाच वर्षं काढलेल्या बॅटऱ्या माझ्या हातून गेल्या आहेत, तशा दहा महिन्यांत संपलेल्याही. म्हणून 'तीन वर्षं झाली' एवढ्यावरून कुणी बॅटरी बदलायला सांगितली तर मला ते पटत नाही. तीन वर्षांनंतर तिच्याकडे संशयानं पाहावं हे बरोबर, पण निकाल मीटर लावून द्यावा. आणि तुमच्या बाबतीत तर माझा पहिला संशय त्या अलार्मवर आणि आठवड्यातले पाच दिवस उभ्या असलेल्या गाडीवर आहे.

आमच्या धंद्यात 'बॅटरी उतरली' आणि 'बॅटरी गेली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक दोन व्होल्टच्या किंचित वर. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये शिशाच्या प्लेटा बसवलेल्या असतात. वीज खर्च झाली की प्लेटांवर लेड सल्फेटचा बारीक, मऊ थर धरतो. चार्ज केलं की तो मोडून परत ॲसिडमध्ये जातो. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तो थर खड्यांसारखा कडक होतो आणि मग चार्जरलाही दाद देत नाही. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. उतरलेली बॅटरी दोन-चार दिवसांत चार्ज केली तर बहुतेक करून पूर्ण परत येते, दोन महिन्यांनी केली तर बहुतेक करून येत नाही. 'नंतर बघू' म्हणून ढकलून ठेवलेल्या चांगल्या बॅटऱ्या किती जणांनी घालवल्या, ते पाहून मला खरंच वाईट वाटतं.

याशिवाय प्लेटांची जाळी हळूहळू गंजते, पाणी उडतं आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी प्लेटांवरचा मसाला झडून तळाशी साचतो. तो साठा प्लेटांना टेकला की तो सेल शॉर्ट होतो. ही झीज मात्र कुणाला परत फिरवता येत नाही.

आता गोव्याची हवा. थंड मुलखात बॅटरी हिवाळ्यात दगा देते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा विशीच्या आसपास असतो, तेव्हा थंडीनं आपलं काही बिघडत नाही. आपला वैरी उकाडा. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज साधारण दुप्पट होते, हा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचं सीट उघडून आत हात घालून बघा. त्यात इंजिनाची धग. त्या दिवसांत प्लेटा झिजतात आणि पाणी उडतं, पण तेव्हा तक्रार येत नाही, कारण इंजिन तापलेलं, ऑइल पातळ, वायरी कोरड्या. कमजोर बॅटरीसुद्धा कसंबसं इंजिन फिरवून देते. मग जून लागतो. गाडी कमी निघते, निघाली तर जवळच्या जवळ, आणि सगळ्या जोडण्यांत ओल शिरते. बॅटरीचा घात मे महिन्यात झालेला असतो, कळतो जुलैत. माझ्या वहीत बॅटरी बदलल्याच्या सगळ्यात जास्त नोंदी पावसाच्या सुरुवातीपासून चवथीपर्यंतच्या, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंतच्या आहेत. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचं सामान आणायला निघालेली माणसं घामाघूम होऊन गाडी ढकलत दारात येतात.

गाड्याही बदलल्या. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. जुन्या शंभर सीसीच्या अनेक गाड्या बॅटरी पार मेली तरी किकवर चालायच्या. आता पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर चालवायलाही वीज लागते. बॅटरी अगदी तळाला गेली तर धक्का मारूनही उपयोग होत नाही, कारण पेट्रोलच पुढे जात नाही. तुमची गाडी धक्क्यावर लागते याचा अर्थ तिच्यात पंप चालवण्याइतका जीव आहे, फक्त स्टार्टर मोटर फिरवण्याइतका नाही. ही तुमच्यासाठी चांगली खूण आहे.

मी तपासणी कशी करतो ते सांगतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पाच-सहाशे रुपयांत मिळतो आणि तुम्हीही हे घरी करू शकता. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी चावी न फिरवता मीटरची लाल पिन पॉझिटिव्हवर आणि काळी निगेटिव्हवर टेकवा. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली आहे. सील केलेल्या चांगल्या बॅटरीत यापेक्षा थोडं वरही दिसतं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर ती जवळपास रिकामी आहे. आणि रात्रभर चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच अडकली तर बहुधा एक सेल गेला. गाडी नुकतीच फिरवून आणून मीटर लावू नका. तेव्हा प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मेलेली बॅटरीही तेरा दाखवते.

पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. १२.६ दाखवणारी बॅटरीही मेलेली असू शकते, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. म्हणून मीटरच्या पिना तशाच टेकवून ठेवायच्या आणि दुसऱ्याला सेल्फ दाबायला सांगायचं. नजर आकड्यावर. चांगली बॅटरी दहा-साडेदहापर्यंत खाली येते आणि सेल्फ सोडताच वर उसळते. साडेनऊच्या खाली गेली तर ती भार पेलत नाही. परवाच एक १२५ सीसीची स्कूटर आली होती. उभ्या गाडीवर मीटरवर १२.६१, मालक म्हणाला, बघा, फुल आहे. सेल्फ दाबला आणि आकडा पहिल्याच झटक्यात ७.९ वर आला, स्पीडोमीटर विझला, घड्याळ परत शून्यावर गेलं. हात काढल्यावर आकडा एक-एक पायरी चढत १२.३ वर आला. ती नुसती उतरलेली बॅटरी वाटत नव्हती. रात्रभर चार्जवर ठेवून पुन्हा तेच केलं, पुन्हा आठच्या खाली. तेव्हाच मी बॅटरी बदलायला सांगितलं. असा उतार दिसला तरी आधी बॅटरी चार्ज करायची आणि मगच निकाल द्यायचा. उपाशी माणसाला गोणी उचलायला लावून तो अशक्त आहे असं ठरवू नये.

काही दुकानांत आता छापील चिठ्ठी देणारी टेस्टिंग मशीन आहेत. मशीन चांगली असतात, पण त्यात बॅटरीचं रेटिंग आधी भरावं लागतं. अँपियर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. पाच अँपियर-अवरच्या छोट्या बॅटरीला मोठ्या बॅटरीचं रेटिंग भरलं तर ती ठणठणीत असूनही चिठ्ठीवर 'बदला' छापून येतं. चिठ्ठी हातात घेताना काय रेटिंग भरलं ते विचारा, तो तुमचा हक्क आहे.

ॲसिडवाली, झाकणांची जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायची नळी, लावता येतो. भरलेल्या सेलचं ग्रॅव्हिटी १.२४० ते १.२८० च्या दरम्यान येतं. सहापैकी पाच सेल सारखे आणि एक फार खाली असेल तर तो सेल गेला. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला. आपल्या विहिरींच्या पाण्यात लोखंड असतं, किनाऱ्याकडे क्षार असतात आणि दोन्हींमुळे बॅटरी बसल्या जागी उतरते. एसीतून टपकणारं पाणीही घालू नका, ते नळ्या-पत्र्यांवरून आलेलं असतं. ॲसिड तर कधीच घालायचं नाही, कारण उडतं ते पाणी.

आता ज्या गोष्टीसाठी मी लोकांशी वाद घालतो ती. आपल्या किनाऱ्यावर निम्म्या वेळा दोष बॅटरीत नसतो, अर्थच्या वायरीत असतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसिसला जोडलेल्या वायरीत. कळंगुटकडच्या एका माणसाची भाड्यानं द्यायची स्कूटर माझ्याकडे आली. दोन वर्षांत तीन बॅटऱ्या बदलून झालेल्या आणि तरी सेल्फ मरगळलेला. बॅटरीवर मीटर लावला, सेल्फ दाबताना साडेदहा. म्हणजे बॅटरी धरते आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली आणि सेल्फ दाबला. तिथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवा. दिसला १.६. एवढा दाब वाटेतच खर्च होत होता. खालचं प्लास्टिक काढलं तर चेसिसला जोडलेला अर्थचा बोल्ट असा होता की डोकं ओळखू येईना. वायरीच्या टोकाचा लग हिरवा पडलेला, बोटानं दाबला तर भुगा. खाऱ्या वाऱ्यानं तांबं खाल्लं होतं. लग कापून नवीन बसवला, चेसिसवरची जागा कागदानं घासून चकचकीत केली, बोल्ट आवळून वर व्हॅसलिन फासलं. तिन्ही बॅटऱ्या चांगल्या असताना भंगारात गेल्या होत्या.

म्हणून टक्-टक् ऐकलं की पहिली पाच मिनिटं टर्मिनलना द्या. पांढरी-हिरवी पूड दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, आवळा आणि मग व्हॅसलिन लावा. आवळण्याआधी लावू नका. वायर काढताना नेहमी निगेटिव्ह आधी आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी. याला कारण आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट फिरवायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला की तिथेच ठिणगी, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. मी लहान हुद्द्यावर असताना एकाचा चेहरा भाजलेला पाहिला आहे.

आवाजातही फरक असतो. टक्-टक्-टक् असा सलग आवाज आणि दिवे मंद होत असतील तर वीज कमी पडते आहे. बॅटरी किंवा जोडणी पाहायची. एकदाच 'टक्' आणि दिवे लख्ख असतील तर रिले किंवा स्टार्टर मोटरचे कार्बन. तिथे नवी बॅटरी घालून काही होणार नाही.

आता तुमचा अलार्म. गाडी बंद असतानाही घड्याळ, इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) अशा गोष्टी एक-दोन मिलिअँपियर घेतातच. तेवढ्यानं आठ अँपियर-अवरची बॅटरी अर्धी व्हायला निदान पावणेतीन महिने लागतील. पण बाजारातले स्वस्त अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर वीस मिलिअँपियर सहज खातात. हिशेब करा. ०.०२ गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला ०.४८ अँपियर-अवर. आठाची बॅटरी आठ दिवसांत अर्धी. तीन वर्षांची, झिजून सहाची झालेली असेल तर सहा दिवसांत. त्यात मोबाईल चार्जरवरचा निळा दिवा चावी बंद केल्यावरही जळत असेल तर आणखी लवकर. तुमची गाडी रविवार संध्याकाळपासून शनिवार सकाळपर्यंत उभी असते. आकडा कसा जुळतो पाहा.

हे मोजायचं असेल तर निगेटिव्ह वायर काढून तिच्यात आणि बॅटरीच्या टर्मिनलात मीटर अँपियरवर लावून जोडा. आधी दहा अँपियरची रेंज, मग खाली या. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर नाहीच, मीटरचा फ्यूज उडेल. पाचच्या आत मिलिअँपियर आले तर ठीक. जास्त आले तर अलार्मचा फ्यूज काढा आणि आकडा पडतो का पाहा. चोर सापडतो.

उभ्या गाडीवरून तारवट्यांची आठवण येते. जहाजावर काम करणारी आपली माणसं सहा-आठ महिने घराबाहेर आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली. वेळ्ळीच्या एका तारवट्याची बुलेट अशीच आठ महिन्यांनी माझ्याकडे आली. बॅटरी अडीच वर्षांची, मीटरवर ३.४ व्होल्ट. दोन दिवस अगदी कमी करंटवर लावून पाहिली. व्होल्ट चढले, पण भार लावला की कोसळायची. सल्फेट कडक झालं होतं. पुढच्या वेळी जाण्याआधी तो बॅटरी काढून वडलांकडे ठेवून गेला आणि महिन्यातून एक रात्र बॅटरी चार्जवर लावायला मी त्यांना शिकवलं. काका वहीत तारीख लिहून ठेवायचे. परत आला तेव्हा पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. घरी कुणी चार्ज करणारं नसेल तर निदान निगेटिव्ह काढून ठेवा. 'अधूनमधून चालू करून पाच मिनिटं ठेवतो' असं पुष्कळजण सांगतात. त्यानं भलं होत नाही. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, दिवा जळत असतो आणि सेल्फनं घेतलेलं जेमतेम भरून निघतं. अर्धा तास रस्त्यावर फिरवा किंवा चार्जर लावा.

बॅटरी तपासली तर चार्जिंगही तपासलंच पाहिजे. मी याशिवाय कुणाला नवी बॅटरी देत नाही. इंजिन चालू करून तीन-चार हजार आरपीएमवर बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेराच्या आसपासच घोटाळत असेल तर वीज तयार करणारी कॉइल (स्टेटर), वायरींचा सांधा म्हणजे कपलर किंवा ती वीज बॅटरीजोगी करणारा रेक्टिफायर पाहायचा. स्टेटरचा पिवळ्या वायरींचा कपलर जळून काळा पडलेला मला पावसाळ्यात दर आठवड्याला सापडतो. पंधराच्या वर गेलं तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. मग बॅटरी शिजते, अंग फुगतं, आंबूस जळका वास येतो, बल्ब वारंवार उडतात. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही काही महिन्यांत फुगणार, आणि जादा चार्जनं फुगलेल्या बॅटरीला वॉरंटी मिळत नाही. वर्षात दोन बॅटऱ्या ज्यांनी बदलल्या असतील त्यांनी तिसरी घेण्याआधी हा एक आकडा बघावा, एवढी माझी कळकळीची विनंती.

मग बदलायची केव्हा? रात्रभर नीट चार्ज करूनही सेल्फच्या भाराखाली साडेनऊच्या खाली जाते, टर्मिनल आणि अर्थ स्वच्छ आहेत, तेव्हा. चार्ज केल्यावर दोन दिवस वायर काढून ठेवली तरी साडेबाराच्या खाली घसरते, तेव्हा. अंग फुगलं, चीर गेली, ॲसिड गळलं तर तिथल्या तिथे, मोजायचीही गरज नाही. आणि एक गोष्ट मी स्वतःच्या घरच्या गाड्यांसाठी पाळतो. किक नसलेली गाडी, बॅटरी साडेतीन वर्षांच्या वर, मे महिन्यातल्या तपासणीत भाराखाली दहाच्या खाली येते आहे, तर ती अजून दोन महिने ओढता येईल हे माहीत असूनही मी पावसाआधी बदलतो. अनमोड किंवा चोर्ला घाटात संध्याकाळी धुक्यात गाडी बंद पडली की ती नुसती गैरसोय राहत नाही. म्हापशाच्या स्टँडवरच्या पिवळ्या मडगार्डच्या पायलटांना, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांना, दिवसातून तीस-चाळीस वेळा सेल्फ मारावा लागतो, जवळची भाडी, बॅटरीला भरायला वेळच मिळत नाही. ज्यांच्या गाडीला किक आहे त्यांना मी सांगतो, सकाळचा पहिला स्टार्ट किकवर घ्या. तोच सगळ्यात जड असतो.

नवीन घेताना दुकानात बॅटरीवरचा उत्पादनाचा कोड वाचून घ्या. सहा महिन्यांहून जुना माल घेऊ नका, आणि भरलेली म्हणून देत असतील तर तिथेच मीटर लावायला सांगा, १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा. अँपियर-अवर गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तेच, आणि पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे ते जुन्या बॅटरीशी ताडून. बाजू उलटी आली तर वायर ताणून बसवतात आणि ती पुढे घासून शॉर्ट होते. रबराचा पट्टा जरूर लावा. हादऱ्यानं मरणाऱ्या बॅटऱ्या आपल्या रस्त्यांवर काही कमी नाहीत. वॉरंटीत अठ्ठेचाळीस महिने लिहिलेले दिसतात, पण अनेक बॅटऱ्यांवर त्यातले पहिले चोवीसच फुकट बदलून देण्याचे असतात, पुढच्या चोवीसांत फक्त किमतीत सूट मिळते. ती सूट छापील किमतीवर मोजतात, तेव्हा दुकानातल्या भावाशी तुलना केल्यावर हाती फारसं उरत नाही. तरी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्याच.

ॲसिड वेगळं भरायची बॅटरी असेल तर पहिला चार्ज फार महत्त्वाचा. ॲसिड भरल्यावर अर्धा तास प्लेटांना शोषू द्यायचं आणि मग अँपियर-अवरच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे पाचाच्या बॅटरीला अर्धा अँपियर, सात-आठ तास सावकाश चार्ज करायचं. काही दुकानांत घाईत ॲसिड ओतून तशीच गाडीत बसवतात. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश, पण ती बॅटरी पूर्ण भरत नाही आणि तिचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. संध्याकाळी देऊन सकाळी न्या. घरी चार्ज करणार असाल तर चार्जर दुचाकीचा हवा, चारचाकीचा मोठ्या करंटचा लावू नका, आणि जागा उघडी हवी, समई-उदबत्तीपासून लांब.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. तिचे पैसे वळते होतात आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मासे धरायच्या जाळ्याला लावायच्या शिशासाठी कुणी घरी फोडून वितळवत असेल तर कृपा करून थांबवा. तो धूर अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या रक्तात जातो.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. या शनिवारी धक्का मारू नका. आधी मीटर लावून आकडा लिहून घ्या. मग बॅटरी काढून रात्रभर दुचाकीच्या चार्जरवर ठेवा. रविवारी टर्मिनल आणि चेसिसचा अर्थ घासून ती परत बसवा, सेल्फ दाबताना किती खाली येते ते लिहा आणि चार हजार आरपीएमवर किती वर जाते तेही. त्यानंतर पुढचा आठवडा अलार्मचा फ्यूज काढून गाडी उभी ठेवा. शनिवारी पहिल्या सेल्फला इंजिन लागलं तर बॅटरी राहू द्या आणि अलार्म काढा किंवा चांगला बसवा. भाराखाली साडेनऊही धरत नसेल तर मात्र बदला, आणि येताना जुनी बॅटरी आणि हे तिन्ही आकडे सोबत आणा.